यायावरीयाचा वर्ग

कोणत्याही महाविद्यालयात सर्जनशील लेखनाचा पहिला तास भरला की समोरच्या बाकांवर काही ठरलेली मंडळी असतात. एका मुलीची वही भरलेली असते, पण वाच म्हटलं की "काही नाही सर, असंच आपलं" म्हणत ती वही मिटते. एक मुलगा "मित्राची कविता आहे" असं सांगून स्वतःचीच वाचतो. वर्ग हसलाच तर मित्राला हसला. तिसऱ्याच्या प्रत्येक ओळीतून त्याचा आवडता कवी बोलत असतो. चौथा चार ओळींचं झकास लिहितो आणि चार पानं मागितली की आठवडाभर दिसत नाही. राजशेखराने या चौघांनाही अकराशे वर्षांपूर्वीच नावं ठेवलेली आहेत : हृदयकवी, अन्यापदेशी, सेविता आणि घटमान.

ही नावं त्याच्या 'काव्यमीमांसा' या संस्कृत ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात येतात. कवीच्या एकंदर दहा अवस्था तो सांगतो. पहिला काव्यविद्यास्नातक, म्हणजे गुरूकडे येऊन काव्याच्या विद्या-उपविद्या शिकू लागलेला. मग वरचे चौघे. सहावा महाकवी आणि सातवा कविराज. महाकवीला एका प्रकारचं मोठं काव्य उत्तम साधतं. कविराज मात्र वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळ्या प्रकारांत, वेगवेगळ्या रसांत मोकळेपणाने फिरतो. असे लोक जगात थोडेच, असंही तो सांगून ठेवतो. आता, आपल्या 'कर्पूरमंजरी'त त्याने स्वतःलाच कविराज म्हणवून घेतलं आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या ठिकाणी हसू आवरत नाही. उरलेल्या तीन अवस्था मंत्रतंत्राच्या बळावर कवी झालेल्यांच्या. त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही तरी चालेल.

'काव्यमीमांसा' बहुतेक वेळा अलंकारशास्त्राच्या इतिहासात वाचली जाते आणि तिथे तिची थोडी उपेक्षाच होते. रससिद्धान्तात आनंदवर्धन, अभिनवगुप्त यांच्याइतकी खोली तिच्यात नाही. ते खरंच आहे. पण तिला काव्याचं तत्त्वज्ञान म्हणून न वाचता लेखनाचा प्राथमिक अभ्यासक्रम म्हणून वाचलं, तर पुस्तक एकदम जिवंत होतं. समोर शिकाऊ मुलं बसली आहेत, त्यांच्या खोडी मास्तरांना पाठ आहेत, आणि तास रंगला आहे असं ते गद्य आहे.

मास्तर कुठले, हेही बघण्यासारखं आहे. राजशेखर यायावर कुळातला. आपल्या पणजोबांना, अकालजलद कवींना, तो महाराष्ट्राचे चूडामणी म्हणतो. नवव्या शतकाच्या अखेरीस तो कनौजच्या महेंद्रपाल प्रतिहाराच्या पदरी होता आणि पुढे कलचुरींच्या राजधानीत, त्रिपुरीला, युवराजदेवाच्या दरबारी आला. त्याची 'विद्धशालभंजिका' ही नाटिका तिथली. त्रिपुरी म्हणजे आजचं तेवर, जबलपूरहून भेडाघाटला जाताना लागतं ते. कटनीकडच्या बिलहरीच्या कलचुरी शिलालेखातही राजशेखराचं नाव येतं. हे शिलालेख ज्यांनी एका ग्रंथात नीट लावून दिले ते महामहोपाध्याय वा. वि. मिराशी नागपूरचे, त्यांचा तो खंड १९५५चा. याच मुलखात, जबलपूर जिल्ह्याच्या सिहोरा बाजूला, मझौली आहे. तिथल्या विष्णुवराह मंदिरातला वराह कलचुरी काळातला, राजशेखरानंतर शंभरेक वर्षांनी घडवलेला. मझौलीच्या एखाद्या मुलामुलीला बीएच्या पहिल्या वर्षात लेखन शिकायचं असेल तर पहिलं पुस्तक परक्या मुलखातून मागवायची गरज नाही. केदारनाथ शर्मा सारस्वत यांचा हिंदी अनुवादही आहे.

पुस्तक आपल्यापर्यंत आलं तेही मराठी राजाच्या आश्रयाने. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात 'गायकवाड ओरिएंटल सीरीज' ही ग्रंथमाला निघाली, तिचा पहिला क्रमांक हा ग्रंथ. चिमणलाल दलाल आणि अनंतकृष्ण शास्त्री यांनी तो १९१६ मध्ये संपादित केला.

आता प्रत्यक्ष वाचनाकडे. पहिली गोडी मांडणीची. राजशेखर आधी आचार्यांचं मत देतो. मग कुणा वामनाच्या अनुयायांचं, कुणा मंगलाचं. आणि मग ठामपणे स्वतःचं, पण 'मी' म्हणून नव्हे, 'यायावरीय' म्हणून. आचार्य असं म्हणतात. यायावरीयाला ते पटत नाही. कुळाच्या नावामागे उभं राहून वाद घालण्यात एक नाटकी ऐट आहे. नाटककाराला ती शोभतेही. पण तिचा शिकवणीला मोठा उपयोग होतो. विद्यार्थ्याला तयार नियम मिळत नाही, नियमावरचं भांडण ऐकायला मिळतं. एका प्रश्नाची चार उत्तरं ऐकल्यावर पाचवं आपलं असू शकतं, हे न सांगता कळतं.

दुसरी गोडी गोष्टीची. तिसऱ्या अध्यायात तो शास्त्र बाजूला ठेवून कथाच सांगायला बसतो. सरस्वतीला मुलगा होतो, काव्यपुरुष. शब्द आणि अर्थ हे त्याचं शरीर, संस्कृत मुख, प्राकृत बाहू, पैशाची पाय, रस आत्मा. हा मुलगा रुसून घर सोडतो. त्याला बांधून ठेवायला गौरी एक मुलगी निर्माण करते, साहित्यविद्यावधू. पुढे तो, मागे ती. पूर्वेला जाऊन ती एका वेशात नाचते, पण तो काही पुरता वश होत नाही. पांचालात थोडा वळतो, अवंतीत आणखी. दक्षिणेत येईतो तो पुरता तिचा झालेला असतो. प्रत्येक प्रदेशात तिचा जो वेश ती प्रवृत्ती, जे नृत्य ती वृत्ती आणि तेव्हा तो जे बोलला ती रीती. रीतिविचारासारखा रुक्ष विषय त्याने प्रवासात आणि पाठलागात बदलून टाकला. आणि लग्न कुठे लागलं? विदर्भात, वत्सगुल्म नगरात. म्हणजे आपल्या वाशीमला. वैदर्भी रीती श्रेष्ठ हे तो आधीच्या आचार्यांसारखं विधान करून सांगू शकला असता. त्याने त्याऐवजी लग्न लावून दिलं. गोष्टीतून सांगणं म्हणजे काय, याचा याहून चांगला नमुना लेखनाच्या वर्गात मिळणं कठीण.

प्रतिभा जन्मजात की कमावलेली, या प्रश्नावर तो फार वेळ घालवत नाही. शिष्य तीन तऱ्हेचे : बुद्धिमान, आहार्यबुद्धी म्हणजे शिकवून तयार होणारा, आणि दुर्बुद्धी. पहिल्याला इशारा पुरतो, दुसऱ्याला गुरू आणि सराव लागतो, तिसऱ्याला देवच लागतो. मन एकाग्र होणं ही आतली धडपड, अभ्यास ही बाहेरची. दोन्ही मिळून शक्ती उजळते. एवढं सांगून तो कामाला लागतो.

कामाचा अध्याय म्हणजे दहावा, कविचर्येचा. पूर्ण पुस्तकात माझा जीव याच्यावर आहे. कवीचं घर कसं असावं? सहाही ऋतूंत बसण्याजोग्या जागा, बाग, पाणी, मोर, झोका. नोकरांनी अपभ्रंश बोलावं, दासींनी मागधी, घरातल्यांनी संस्कृत-प्राकृत. लेखनिक सगळ्या भाषांत वाकबगार, सुंदर अक्षराचा, अनेक लिप्या जाणणारा, शिवाय स्वतःही कवी. मग सामानाची यादी. पेटी, फळा आणि खडू, लेखणी आणि दौत, ताडपत्रं किंवा भूर्जपत्रं, पानं ओवायला लोखंडी काटे, आणि नीट घासून गुळगुळीत केलेल्या भिंती. या भिंतींपाशी मी दर वेळी थांबतो. ओळ सुचली तेव्हा जे जवळ असेल त्यावर ती टिपायची, हे त्याला ठाऊक आहे. नवी वही घेतल्याशिवाय लिहायला न बसणारी मुलं आजही वर्गात असतात. त्यांना ही यादी इतकी आवडते की पुढचं वाक्य ऐकू येत नाही. पुढचं वाक्य यायावरीयाचं आहे : हे सगळं आचार्यांच्या मते, खरं सामान प्रतिभाच. लांबलचक यादी मन लावून रचायची आणि एका फटक्यात ती बिनमहत्त्वाची ठरवायची, यात खट्याळपणा आहे आणि रचनेचं कौशल्यही.

मग दिवसाचं वेळापत्रक. सकाळी सरस्वतीचं स्मरण झालं की पहिला प्रहर अभ्यासाला. दुसरा प्रहर लिहायला. दुपारी स्नान, जेवण, आणि मग तिसरा प्रहर काव्यगोष्ठीला : समस्यापूर्ती, कोडी, चित्रकाव्य, शब्दांचे खेळ. चौथ्या प्रहरी, एकट्याने किंवा निवडक माणसांसोबत, सकाळचं लिहिलेलं तपासायचं. कारण तो स्पष्ट देतो. लिहिताना माणूस रसाच्या भरात असतो, तेव्हा त्याची नजर निवड करणारी नसते. म्हणून भर ओसरल्यावर बघावं. जास्तीचं काढावं, कमी असेल ते भरावं, चुकीच्या जागी बसलेलं हलवावं, राहून गेलेलं आठवून घालावं. संध्याकाळ टळल्यावर तपासलेलं नीट लिहून काढावं आणि रात्रीचे मधले दोन प्रहर झोपावं.

या चौथ्या प्रहरातच लेखनाचा सगळा अभ्यासक्रम सामावलेला आहे, असं मला वाटतं. लिहिणं आणि तपासणं यांमध्ये त्याने दुपारचं जेवण, गप्पा आणि शब्दखेळ ठेवले आहेत. म्हणजे मन दुसरीकडे नेऊन आणायचं आणि मग परक्याच्या नजरेने आपल्याच कागदाकडे बघायचं. आपल्याकडे 'उत्स्फूर्त' हा शब्द स्तुतीचा झाल्यापासून खाडाखोड ही लपवायची गोष्ट झाली. राजशेखराला तिची लाज नाही. तो तिला दिवसातली ठरलेली वेळ देतो. जबलपुरातल्याच शाळेत काही काळ मास्तरकी केलेल्या दुसऱ्या एका मराठीभाषक माणसाची इथे आठवण येते. गजानन माधव मुक्तिबोधांची 'एक साहित्यिक की डायरी' ही लेखमाला हरिशंकर परसाईंच्या जबलपूरच्या 'वसुधा'तून येत असे. तिच्यातल्या 'तीसरा क्षण' या लेखात उत्कट अनुभव, त्याचं दुखऱ्या मुळापासून सुटणं आणि शब्दांत येण्याची सगळी झटापट, असे कलेचे तीन क्षण मांडले आहेत. मुक्तिबोध राजशेखराच्या परंपरेतले नव्हेत, दोघांचं जग वेगळं. पण अनुभवाचा भर ओसरल्याशिवाय नजर येत नाही हे दोघांनाही कळलेलं आहे. मुक्तिबोधांनी 'अँधेरे में' ही कविता वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा लिहिली. ती 'कल्पना' मासिकात छापून आली तेव्हा, १९६४ मध्ये, ते हयात नव्हते.

मोर आणि झोके असलेलं घर कुणाकडे असतं, हा प्रश्न कुणीही विचारील. राजशेखरालाही तो पडला असावा. कारण याच अध्यायात तो वेळेवरून कवींचे चार प्रकार पाडतो. असूर्यंपश्य हा गुहेत किंवा तळघरात बसून नुसता लिहितो, त्याला वेळच वेळ. निषण्ण हा भर आला की लिहितो. दत्तावसर म्हणजे चाकरी सांभाळून उरल्या वेळात लिहिणारा. प्रायोजनिक प्रसंगापुरता. मराठीतले बहुतेक लेखक दत्तावसरच होते आणि आहेत : शाळामास्तर, कारकून, बँकेतले, रेल्वेतले, घरचं आवरून रात्री वही उघडणाऱ्या बायका. राजशेखर त्यांना पहाटेची आणि जेवणानंतरची वेळ काढून देतो. थोडा पुढे तो सांगतो की बायकाही पुरुषांप्रमाणे कवी होऊ शकतात. संस्कार आत्म्यावर होतो, त्याला स्त्री-पुरुष हा भेद ठाऊक नाही. राजकन्या, मंत्र्यांच्या मुली, गणिका अशा कवयित्री आपण पाहिल्या आहेत असंही तो म्हणतो. यात उपकाराचा सूर नाही. पाहिलेली गोष्ट त्याने नोंदवली आहे, इतकंच.

आणि त्याने ती घरात पाहिली होती. त्याची पत्नी अवंतिसुंदरी चाहमान कुळातली, विदुषी. 'कर्पूरमंजरी' तिच्याच इच्छेवरून रंगमंचावर आली. 'काव्यमीमांसे'त तो तिचं मत नाव घेऊन, आचार्यांच्या बरोबरीने, तीनदा देतो, आणि ती मतं पुस्तकातली सगळ्यात धारदार आहेत. पाकाचा वाद घ्या. रचना पक्व झाली हे कसं ओळखायचं? वामनाचे अनुयायी सांगतात, जिथला शब्द काढून दुसरा घालता येत नाही तिथे पाक आला. आपण आजही परीक्षणात हेच लिहितो की 'यातला एकही शब्द बदलता येणार नाही', आणि काही मोठं बोलल्याचं समाधान मिळवतो. अवंतिसुंदरी म्हणते, हा पाक नव्हे, ही असमर्थता. एकाच गोष्टीसाठी थोर कवीला अनेक पाठ सुचतात आणि ते सगळेच पक्व असू शकतात. रसाला उचित ते पक्व. शिकणाऱ्याच्या मानेवरचं केवढं ओझं तिने उतरवलं! एकमेव अचूक शब्द सापडेना म्हणून अडून बसलेल्या मुलाला हे कुणीतरी सांगायला हवं असतं.

यायावरीय पुढे पाकाचे नऊ प्रकार फळांच्या नावांनी लावून देतो. कडुनिंब म्हणजे आरंभी वाईट, शेवटीही वाईट. बोर आरंभी वाईट, शेवटी बरं. द्राक्ष आरंभी वाईट, शेवटी गोड. वांगं आरंभी बरं, शेवटी वाईट. चिंच दोन्हीकडे मध्यम. आंबा मध्यमातून गोडाकडे जाणारा. सुपारी आरंभी गोड आणि शेवटी वाईट, काकडी गोडातून मध्यमाकडे, नारळ दोन्हीकडे गोड. कडुनिंब, वांगं आणि सुपारी टाकून द्यावीत. बोर, चिंच आणि काकडी यांच्यावर काम करावं. उरलेली तिन्ही ठेवावीत. दहावा एक कवठाचा, ज्याचं काहीच ठरलेलं नसतं. त्यात चांगली ओळ शोधणं म्हणजे दाण्यासाठी पेंढा झाडणं. या कोष्टकात आरंभ आणि शेवट एवढंच मोजलं आहे, मधल्या भागाचा विचार नाही, ही उणीव कुणी दाखवील. मान्य. पण वर्गात एखादी कथा वाचून झाल्यावर "सुपारी झाली की रे" असं म्हटलं, तर लेखकाला दुखत नाही आणि दुरुस्ती कुठे करायची ते कळतं. दहा पानांच्या अभिप्रायाने हे साधतंच असं नाही.

उसनवारीचे तीन अध्याय मजेशीर आहेत, पण लांबले आहेत. इतर चोऱ्या काळाने विसरल्या जातात, शब्दांची चोरी नातवंडांपर्यंत पुरते, हे आधी बजावलं जातं. मग अवंतिसुंदरी कारणं मोजते. तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध. त्याची भाषा गुळवेल, माझी द्राक्ष. तो परदेशी आहे, त्याचं पुस्तक जाणणारे उरले नाहीत. तर घ्यायला हरकत नाही. हे ती गंभीरपणे म्हणते की तोंड दाबून हसत? मी दुसऱ्या पक्षाचा. कारण ही नेमकी तीच कारणं आहेत जी पकडला गेलेला प्रत्येक जण देतो. अर्थ उचलण्याचे चार प्रकार मात्र खऱ्या कामाचे. आरशातल्या प्रतिबिंबासारखं घेतलेलं निषिद्ध. चित्रासारखं घेतलेलं थोडं बरं. दोन सारख्या माणसांसारखं चालेल. दुसऱ्याच्या देहात शिरल्यासारखं, म्हणजे गाभा तोच पण वस्तू सगळी निराळी, हे उत्तम. प्रभाव आणि नक्कल यांतली सीमारेषा इतक्या सोप्या पायऱ्यांनी फार थोड्यांनी दाखवली आहे.

वाचणाऱ्यालाही तो मोकळा सोडत नाही. प्रतिभा दोन : निर्माण करणाऱ्याची कारयित्री आणि आस्वाद घेणाऱ्याची भावयित्री. भावक चार तऱ्हांचे. अरोचकीला काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी गवतासकट सगळं गिळतो. मत्सरी गुण दिसत असूनही बोलत नाही. हजारांत एखादा तत्त्वाभिनिवेशी रचनेच्या मुळाशी जातो. आयोवा विद्यापीठात १९३६ मध्ये लेखनाची कार्यशाळा सुरू झाली, आणि तिथून जगभर पसरलेल्या रिवाजाप्रमाणे लेखक गप्प बसतो, बाकीचे त्याच्या कागदावर बोलतात. राजशेखर याला अर्धाच राजी झाला असता. अपुरं लेखन कुणाला दाखवू नये, ते मग पुरं होत नाही, असा त्याचा सक्त नियम आहे. नवी रचना एकट्या माणसासमोरही वाचू नये, कारण उद्या तो ती आपली म्हणाला तर साक्षीदार कोण? पण पुरं झालेलं मात्र दुसऱ्यांना दाखवावंच, कारण स्वतःच्या लेखनाचा पक्षपात माणसाला आंधळं करतो. वर्गाच्या दोन्ही बाजू, मत्सर आणि गरज, त्याने एकाच पानावर ठेवल्या आहेत.

पुस्तकाचे शेवटचे दोन अध्याय देशविभाग आणि कालविभाग यांचे आहेत : कुठे कोणते पर्वत आणि नद्या, कोणत्या महिन्यात कोणता वारा, कोणतं फूल. घरबसल्या लिहिणाऱ्याने पावसाळ्यात भलतंच फुलवू नये म्हणून. आणि तिथे ग्रंथ थांबतो. पहिल्या अध्यायात अठरा अधिकरणांचा बेत आहे. हाती आहे ते फक्त पहिलं, 'कविरहस्य'. बाकीची सतरा त्याने लिहिली होती की नुसती मनात होती, कुणास ठाऊक. त्या बेतात यमकाचं, श्लेषाचं, अतिशयोक्तीचं, दोषांचं, गुणांचं अशी सगळी अधिकरणं आहेत, आणि त्यांत एक आहे 'वैनोदिक', विनोदाचं, कामदेवाच्या नावावर लावलेलं. यमकाचं आणि श्लेषाचं मिळालं नाही तर माझी तक्रार नाही. ते दुसऱ्यांनी पुष्कळ लिहिलं आहे. अन्यापदेशी मुलगा ज्याने पाहिला आणि सुपारीचा पाक ज्याने ओळखला, त्या माणसाचं 'वैनोदिक' मात्र कुठल्या तरी जुन्या ग्रंथसंग्रहात निघायला हवं होतं.